बाळाच्या लिव्हरमधली शीर 'उलटी' आहे म्हणतात, म्हणजे नक्की काय? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की रिपोर्टमध्ये 'उजवी अम्बिलिकल व्हेन (म्हणजे नाळेची शीर) राहिलेली आहे' असं लिहून आलं तर लगेच रडारड करू नका, त्यावर पुढे कधीतरी बोलू. पुढे कधीतरी कसलं, आठवड्याभरात मेल, व्हॉट्सॲप, दोन तर चक्क आंतर्देशीय पत्रं, आणि सगळी लिव्हरच्या शिरांवर! म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय. मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर, त्याआधी दोन वर्षं फर्स्ट इयरच्या पोरांना ॲनॉटॉमी शिकवलेली, त्यामुळे शिरांचा विषय निघाला की माझं बोलणं लांबतं, सांभाळून घ्या. आणि पत्रावरून मी निदान करत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं.

प्रश्न : माझ्या सुनेला विसावा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाकी सगळं नॉर्मल पण खाली 'परसिस्टंट राइट अम्बिलिकल व्हेन, इंट्राहेपॅटिक' असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले काही नाही, पण मुलाने रात्रभर मोबाइलवर वाचून घर डोक्यावर घेतलंय. आमच्या जाऊबाई म्हणतात नाळ उलटी आहे, सुनेने ग्रहणात भाजी चिरली होती. खरं काय? (एक सासूबाई, संगमनेर)

उत्तर : ताई, आधी मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्या. आणि जाऊबाईंना सांगा की ग्रहण, विळी आणि भाजी यांचा इथे काडीचा संबंध नाही. ही गोष्ट ठरते तेव्हा गर्भ राहून जेमतेम सहा-सात आठवडे झालेले असतात आणि बाळ तुमच्या करंगळीच्या नखावर मावेल एवढं असतं. सुनेने काही केलं म्हणून झालं नाही आणि काही टाळलं असतं तर टळलंही नसतं.

आता नाळेचं. नाळेत तीन नळ्या असतात, दोन बारीक धमन्या आणि एक जाड शीर. धमन्या बाळाकडचं वापरलेलं रक्त वारेकडे नेतात आणि शीर वारेतून ताजं, ऑक्सिजन असलेलं रक्त बाळाकडे आणते. शाळेत आपण घोकलेलं असतं की धमनीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध, नाळेत ते बरोब्बर उलटं, इथेच निम्म्या लोकांचा गोंधळ होतो. ही शीर बेंबीतून आत शिरते आणि सरळ वर लिव्हरकडे जाते. पण अगदी सुरुवातीला ती एक नसते, दोन असतात, एक डावी एक उजवी, आणि दोघी लिव्हरच्या बाजूबाजूने हृदयाकडे जात असतात. मधे लिव्हर वाढायला लागतं आणि त्याची वाढ म्हणजे काय विचारू नका, नवव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या वजनाचा दहावा हिस्सा एकटं लिव्हर असतं, कारण त्या काळात रक्त बनवायचं कामही तेच करत असतं. हे वाढणारं लिव्हर शेजारून जाणाऱ्या शिरांना पोटात घेतं, कुंपणावर चढलेला कारल्याचा वेल तारा गिळतो ना तसं, आणि मग रक्त बाहेरून जायच्या ऐवजी लिव्हरमधल्या बारीक बारीक पोकळ्यांतून जायला लागतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात उजवी शीर आटून जाते आणि डावी सगळं काम अंगावर घेते. गावाला दोन पाणंदी असतात, एकीवर वहिवाट राहते, दुसरीत बाभळी माजतात. तुमच्या नातवंडाच्या बाबतीत डावीकडे बाभळी माजल्या आणि उजवीकडे वहिवाट राहिली. एवढंच झालंय.

आम्हाला हे दिसतं कसं तेही सांगते म्हणजे रिपोर्टवर विश्वास बसेल. पोटाचा घेर मोजायला आम्ही बाळाच्या पोटाचा आडवा काप स्क्रीनवर घेतो. गोल पोट, एका बाजूला मणक्याचे तीन पांढरे ठिपके, डावीकडे जठराचा काळा गोळा, आणि मधून लिव्हरमध्ये शिरणारी शीर, हॉकी स्टिकसारखी वाकलेली. नेहमीच्या बाळात ही स्टिक जठरापासून लांब, उजवीकडे वळते. उजवी शीर राहिलेली असली की ती जठराच्या दिशेने वळते, मुलं झोपेत आईकडे कूस बदलतात तशी. हे दिसलं की मी प्रोब तिथेच धरते आणि पित्ताशय शोधते. एरवी पित्ताशय शिरेच्या उजवीकडे असतं, इथे ते शीर आणि जठर यांच्या मधे सापडतं. तेही तसंच दिसलं तर मग शंका नाही. त्याआधी एकदा बाळ पायाळू आहे की डोक्याकडून आहे, डावं कुठलं उजवं कुठलं हे परत बघून घ्यायचं, नाहीतर स्वतःचीच दिशा चुकून भलतंच लिहिलं जातं, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला रोज सांगते आणि मलाही रोज आठवावं लागतं.

असं किती बाळांत असतं? वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे वेगळे आहेत पण हजारात साधारण एक ते चार म्हणा. म्हणजे अगदीच दुर्मिळ नाही, आपल्या तालुक्यात दरवर्षी अशी काही बाळं जन्मतात आणि बिनबोभाट शाळेत जातात.

तुमच्या रिपोर्टमधला खरा कामाचा शब्द 'इंट्राहेपॅटिक' हा आहे. म्हणजे शीर उजवी असली तरी लिव्हरच्या आतून जातेय. दुसरा प्रकार असतो त्यात ती लिव्हरला बाहेरूनच वळसा घालून खालच्या महाशिरेत (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) किंवा थेट हृदयात जाते, तो प्रकार गंभीर आणि त्यात इतर दोष बरेचदा सोबत असतात. तुमचा तो नाही. तरी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच : डक्टस व्हिनोसस (लिव्हरमधली एक चिमुकली शॉर्टकट नळी, खाली सविस्तर येईलच) दिसली का, हृदय चारी कप्प्यांसकट नीट बघितलं का आणि नाळेत धमन्या दोन आहेत ना. या तिन्हीला 'हो' असेल तर हा फक्त वेगळा नकाशा आहे, आजार नाही. बरेच डॉक्टर खात्रीसाठी बाळाच्या हृदयाचा इको सुचवतात, करून घ्या, पैसे वाया जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे मुलगा रात्री झोपेल. यासाठी सिझर करावं लागत नाही, बाळंतपण नेहमीसारखंच. फक्त जन्माच्या वेळी बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला, का ते खाली एका सिस्टरांच्या प्रश्नात येईलच.

प्रश्न : शीर उजवीकडे असेल तर मुलगा असतो असं ऐकलंय, खरं का? (नाव नको)

उत्तर : नाही. आणि हे विचारायला नाव लपवावं लागतंय म्हणजे का विचारताय तेही मला कळलं. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगणं आणि सांगायला लावणं दोन्ही गुन्हा आहे. शिरेचा आणि मुलगा-मुलगीचा संबंध शून्य. पुढे.

प्रश्न : बायकोची बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी) नॉर्मल आहे पण 'डीव्हीमध्ये ए-वेव्ह रिव्हर्स' असं आलंय, डाउन सिंड्रोमची शक्यता म्हणाले. डीव्ही म्हणजे काय, ही लिव्हरची शीर आहे की हृदयाची? आम्ही गर्भजल तपासणी करावी का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : दादा, डीव्ही म्हणजे डक्टस व्हिनोसस, मघाशी जिचं नाव आलं तीच. ती राहते लिव्हरमध्ये आणि चाकरी करते हृदयाची, असं म्हणा. नाळेची शीर लिव्हरमध्ये शिरली की तिचं बरंचसं रक्त लिव्हरला वाटलं जातं आणि उरलेल्याला एक शॉर्टकट असतो, एक चिमुकली नळी, सुरुवातीला चिंचोळी आणि पुढे कर्ण्यासारखी रुंद होत जाणारी. पाचव्या महिन्यात तिचं तोंड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं आणि पुढेही दोन मिलिमीटरच्या वर क्वचितच जातं. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की चिळकांडी लांब उडते ना, तसंच त्या चिंचोळ्या तोंडातून रक्त सेकंदाला ६५-७५ सेंटिमीटरच्या वेगाने सुटतं आणि त्या वेगामुळेच हृदयातल्या पडद्याच्या फटीतून पलीकडे डाव्या बाजूला जातं, तिथून मेंदूकडे. म्हणजे वारेतून आलेल्या ताज्या रक्तातला हिस्सा आधी मेंदूला आणि हृदयाला, अशी ही व्यवस्था आहे. मला शिकवताना कायम हीच जागा सगळ्यात आवडायची.

आता ए-वेव्ह. हृदयाचा वरचा कप्पा आकुंचन पावतो त्या क्षणी डीव्हीतला वेग थोडा कमी होतो, पण दिशा पुढचीच राहते. ती उलटी झाली, म्हणजे रक्त क्षणभर मागे आलं, तर हृदयावर ताण आहे किंवा क्रोमोसोमचा काही प्रश्न आहे अशी शंका घेतली जाते. शंका हं, निदान नाही. सगळं व्यवस्थित असलेल्या शंभर बाळांतल्या साधारण तिघांतही ती या वयात उलटी दिसते, आणि नंतर बाळं ठणठणीत निघतात.

आणि एक गोष्ट जी पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. या नळीच्या अगदी खेटून लिव्हरच्या नेहमीच्या शिरा असतात, हिपॅटिक व्हेन्स, आणि त्यांच्यात ए-वेव्ह नॉर्मललाच उलटी असते! बाराव्या आठवड्यात बाळ सहा-सात सेंटिमीटरचं, ते उड्या मारतंय, आईला हसू येतंय, आणि आम्हाला मशीनची एखाद मिलिमीटरची मोजायची खिडकी बरोब्बर त्या नळीवर ठेवायचीय. खिडकी जरा सरकली, शेजारच्या शिरेचा सिग्नल मिसळला, की आलेख उलटा. माझी स्वतःची पहिल्या वर्षातली गोष्ट, एका जोडप्याला मी 'रिव्हर्स' असं सांगून बसले, ती मुलगी जिन्यावर बसून रडली, दुसऱ्या दिवशी माझ्या सरांनी परत बघितलं, मी चक्क शेजारच्या शिरेत खिडकी ठेवली होती. तेव्हापासून ए-वेव्ह उलटी दिसली की मी बाईंना फेरी मारायला पाठवते, पाणी प्यायला लावते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघते, तीन-चार वेळा तसंच आलं तरच लिहिते.

म्हणून क्रम असा धरा. आधी हीच तपासणी दुसऱ्या अनुभवी, फीटल मेडिसिनवाल्या (गर्भातल्या बाळाच्या तज्ज्ञ) डॉक्टरांकडून परत करून घ्या, १३ आठवडे ६ दिवस व्हायच्या आत, कारण त्या वयासाठीच या मोजमापाचा अर्थ बसवलेला आहे. सोबत रक्ताची स्क्रीनिंग टेस्ट. सगळ्याचा एकत्र धोका किती येतो ते बघून मग एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या क्रोमोसोमची चाचणी) की थेट गर्भजल किंवा वारेची तपासणी ते ठरवा. आणि क्रोमोसोम नॉर्मल आले तरी हृदयाचा इको विसरू नका, कारण उलट्या ए-वेव्हचा हृदयाच्या दोषांशीही संबंध असतो.

प्रश्न : आमच्या बाळात २२ व्या आठवड्याला डक्टस व्हिनोसस दिसलीच नाही. शीर लिव्हरच्या बाहेरून थेट मोठ्या शिरेला मिळाली आहे असं लिहिलंय, हृदय थोडं मोठं आहे. वरच्या सगळ्या चांगल्या गोष्टी आमच्या बाबतीत नाहीत. आम्ही काय धरून चालायचं? (एक आई, नाशिक)

उत्तर : तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. डक्टस व्हिनोसस मुळातच तयार न होणं हे दुर्मिळ आहे, आणि त्यात दोन वाटा आहेत. एकीत नाळेचं सगळं रक्त लिव्हरमधूनच पुढे जातं, बाहेर कुठे पळवाट नाही, अशी बाळं बरेचदा चांगली राहतात. दुसरी वाट तुमच्या रिपोर्टमधली, शीर लिव्हरला टाळून जाते. मग दोन त्रास. एक, ते चिंचोळं तोंड नसल्यामुळे रक्ताला कोणी आवरतच नाही, धरणाचे दरवाजे सगळेच उघडल्यासारखं ते हृदयावर येऊन आदळतं, म्हणून हृदय मोठं दिसतंय, आणि पुढे बाळाच्या अंगात पाणी साठू शकतं. दोन, लिव्हरला जे रक्त मिळायला हवं ते मिळत नाही, आणि लिव्हरची पोर्टल शिरांची (आतड्याकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या) जाळी त्या रक्तावरच पोसली जात असते, ती कधीकधी नीट तयारच होत नाही.

पण या दुसऱ्या वाटेतही सगळी बाळं सारखी नसतात, ती बाहेरून जाणारी शीर रुंद आहे की अरुंद यावर बरंच अवलंबून असतं, अरुंद असेल तर हृदयाला तितका मार बसत नाही. म्हणून डॉक्टरांना हे विचारा : ती शीर किती रुंद आहे, लिव्हरमधल्या पोर्टल शिरा दिसतात का, पोटात-छातीत पाणी आहे का, आणि बाकी काही दोष आहे का. क्रोमोसोमची तपासणी करून घ्या, नूनन सिंड्रोमसाठीही (एक जनुकीय आजार) विचारा, तो या दोषासोबत सापडतो. पुढे एक-दोन आठवड्यांनी हृदय आणि पाणी बघत राहायचं. बाळंतपण अशाच ठिकाणी ठरवा जिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ एकाच छपराखाली आहेत.

आणि तुमचं गर्भपाताच्या कायद्याबद्दलही विचारणं होतं. आधी एकदा फीटल मेडिसिन आणि लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ दोघांना एकत्र भेटा, मग निर्णय तुमचा, माझा नाही आणि नातेवाइकांचा तर मुळीच नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांच्या पुढे बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, म्हणून जे काही विचारायचं ते या दोन आठवड्यांत विचारून घ्या.

प्रश्न : भाच्याच्या मुलीची जन्मानंतरची रक्ततपासणी झाली, त्यात गॅलॅक्टोज जास्त आलं. दूध बंद केलं, मग म्हणाले गॅलॅक्टोसेमिया नाहीच, सोनोग्राफीत लिव्हरमधल्या शिरांमध्ये जोड सापडला. दुधाचा आणि शिरेचा काय संबंध? (एक काका, कोल्हापूर)

उत्तर : काका, फार छान प्रश्न. दूध पचलं की त्यातली साखर आतड्यातून पोर्टल शिरेने लिव्हरकडे जाते आणि लिव्हर ती तिथेच धरून ठेवतं. पण पोर्टल शीर आणि पलीकडची मोठी शीर यांच्यात जोडरस्ता राहिला असेल तर साखर लिव्हरला चुकवून सरळ अंगभर फिरते, जकात नाक्याला बगल देऊन ट्रक निघून गेल्यासारखं. रक्तात गॅलॅक्टोज, म्हणजे ती दुधातली साखर, जास्त, पण ती पचवणारं एन्झाइम व्यवस्थित, म्हणून गॅलॅक्टोसेमिया नाही. अमोनियाही असाच चुकवून जातो, म्हणून तो तपासायला सांगतात.

याची पहिली नोंद जुनी आहे, लंडनचे सर्जन जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ मध्ये दहा महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनात पोर्टल शीर थेट खालच्या महाशिरेला मिळालेली बघितली, म्हणून एका प्रकाराला अजून त्यांचंच नाव आहे. तुमच्या नातीचा जोड लिव्हरच्या आतला आणि बारीक असेल तर तो पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बंद होऊ शकतो, डॉक्टर थांबा म्हणाले असतील तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. बाहेरचा किंवा मोठा असेल तर मात्र बंद करावा लागतो, कॅथेटरने किंवा ऑपरेशनने.

प्रश्न : मी एनआयसीयूत सिस्टर आहे. बेंबीतून व्हेनची लाइन टाकली की दर काही बाळांत एक्स-रेवर नळी लिव्हरमध्येच वळलेली दिसते. आम्ही चुकतो की बाळाची शीरच वेगळी असते? (सोलापूर)

उत्तर : सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बहुतेक वेळा दोन्ही नाही. वर सांगितलेला सगळा रस्ता तुमच्या हातातली ती नळी उलगडत असते : बेंबी, नाळेची शीर, लिव्हरमधला डावा पोर्टल भाग, तिथून डक्टस व्हिनोसस आणि मग मोठी शीर. त्या पोर्टल भागात चौक आहे. डक्टसचं तोंड बारीक, शेजारी लिव्हरच्या फांद्या मोठ्या, मग नळी सोप्या रस्त्याला लागते, डावीकडे नाहीतर उजव्या फांदीत. शिवाय जन्मानंतर ते तोंड मिटायला लागतं, पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांत एक-दोन आठवड्यांत पूर्ण बंद, कमी दिवसांच्या बाळांत जरा उशिरा. म्हणून पहिल्या दिवशी सहज गेलेली लाइन चौथ्या दिवशी जात नाही यात तुमचा हात जड झालेला नसतो.

तुम्हाला माहीत असेलच पण नवीन मुलींसाठी लिहिते : कापलेल्या नाळेवर बघितलं तर १२ वाजताच्या जागी एक मोठं, पातळ भिंतीचं, ढिलं तोंड दिसतं ती शीर, आणि ४ आणि ८ वाजता दोन लहान, जाड, पांढुरके टोचे असतात त्या धमन्या. एक्स-रेवर शिरेची नळी बेंबीतून सरळ वर जाते, धमनीची आधी खाली कमरेकडे जाऊन मग वर वळते. शिरेच्या नळीचं टोक डायफ्रामच्या जरा वर, आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीला हवं. ते लिव्हरच्या सावलीतच एका बाजूला वाकलेलं दिसलं तर त्यातून दाट ग्लुकोज किंवा टीपीएन (शिरेतून द्यायचं पोषण) सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, लिव्हरचा तो भाग भाजल्यासारखा होऊ शकतो आणि पोर्टल शिरेत गुठळीही होते. आणि ज्या बाळाच्या फाइलमध्ये 'राइट अम्बिलिकल व्हेन' लिहिलंय तिथे नळी मणक्याच्या उजवीकडून जाताना दिसेल, घाबरून बाहेर ओढू नका, आधी फाइल बघा आणि शक्य असेल तर सोनोग्राफी लावून टोक बघून घ्या. संगमनेरच्या ताईंना डॉक्टरांच्या कानावर घाला म्हटलं ते याचसाठी.

प्रश्न : फर्स्ट इयर एमबीबीएसला आहे. पुस्तकात लिहिलंय की नाळेचं निम्मं रक्त डक्टस व्हिनोससमधून जातं, मॅडम म्हणाल्या इतकं नाही. व्हायवात काय सांगू? (एक विद्यार्थी, मिरज)

उत्तर : मॅडम बरोबर. निम्म्याचा आकडा मुख्यतः मेंढीच्या गर्भावरच्या प्रयोगांतून आला आणि पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेला. माणसाच्या बाळात डॉपलरने (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीने) मोजलं तेव्हा विसाव्या आठवड्याला साधारण ३० टक्के आणि तिसाव्याच्या पुढे साधारण २० टक्के निघालं. म्हणजे लिव्हरच मोठा वाटेकरी आहे. बाळाची वाढ खुंटली असेल तर डक्टसमधला वाटा वाढतो, मेंदू वाचवायला लिव्हर उपाशी राहतं. नावाबद्दल विचारलंस तर डक्टसला जोडलेलं ॲरॅन्शियस हे नाव बोलोन्याच्या ज्युलिओ चेझारे ॲरॅन्झी यांचं, १६ व्या शतकातले शरीररचनातज्ज्ञ, त्यांच्याआधी व्हेसॅलियसच्या नजरेला ती पडली होती असं सांगतात. परीक्षक खूश होतात असल्या गोष्टींनी. पण आधी पोर्टल शीर ड्युओडिनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) मागून का जाते ते नीट पाठ कर : अंड्यातल्या बलकासारखी जी पिशवी असते तिच्याकडून येणाऱ्या दोन शिरा, त्यांच्यात ड्युओडिनमभोवती आडवे पूल, त्यातले काही राहतात काही जातात, आणि उरतं ते एस आकाराचं वळण. भलता पूल राहिला तर पोर्टल शीर ड्युओडिनमच्या पुढून जाते, सर्जनने बेसावध चाकू लावला तर संपलंच.

प्रश्न : मोठ्या भावाला लिव्हर देणार आहे. सीटीत 'ॲक्सेसरी इन्फिरिअर राइट हिपॅटिक व्हेन' आलंय. माझ्या लिव्हरमध्ये दोष आहे का, मी बाद होणार का? (डोंबिवली)

उत्तर : दोष नाही. पुस्तकातलं लिव्हर म्हणजे उजवी, मधली, डावी अशा तीन मोठ्या हिपॅटिक शिरा, त्यातल्या मधली आणि डावी बहुतेक लोकांत शेवटी एकाच तोंडाने मिळतात. पण गर्भात लिव्हरची जाळी बनताना कुणाची खालची एखादी फांदी स्वतंत्रपणे महाशिरेला मिळालेली राहते, तुमची तशी आहे, आणि असे लोक भरपूर आहेत. एरवी जन्मभर कळलं नसतं. उजवा भाग द्यायचा तर सर्जनला ती आधी माहीत हवी, कारण ती साधारण पाच मिलिमीटरच्या वर असेल तर भावाच्या पोटात वेगळी जोडावी लागते, नाहीतर लिव्हरच्या त्या भागातलं रक्त बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यामुळे बाद होण्याचं हे कारण नाही, फक्त विचारा की किती मिलिमीटरची आहे आणि जोडणार आहात का. पोर्टल शिरेची फाटाफूट कशी आहे तेही विचारा, ती जास्त महत्त्वाची.

प्रश्न : नातीचा रिपोर्ट वाचून कुतूहल वाटलं. बेंबीतून लिव्हरकडे जाणारी ती शीर आम्हा म्हाताऱ्यांत कुठे जाते? माझ्या बेंबीभोवती हल्ली निळ्या शिरा दिसतात, त्याच का? (आजोबा, वय ७१, सातारा)

उत्तर : आजोबा, ती शीर जन्मानंतर वाळून दोरी होते, बेंबीपासून लिव्हरपर्यंत अजून तशीच तुमच्या पोटात आहे, डिसेक्शनला मुलं ती बोटाने चाचपून बघतात, सुतळीसारखी लागते. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अजिबात आवडला नाही. लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेतलं रक्त अडतं आणि त्या दोरीच्या आजूबाजूच्या जुन्या बारीक वाटांनी बेंबीकडे परत येतं, तेव्हा बेंबीभोवती निळ्या शिरा फुगतात. कधी अंगयष्टी बारीक असल्यामुळे नुसत्याच दिसतात हेही खरं, पण ते घरी बसून ठरवायचं नाही. या आठवड्यातच लिव्हरची रक्ततपासणी आणि पोर्टल शिरेची डॉपलर सोनोग्राफी करून घ्या, आणि दारू असेल तर आजपासून बंद. शौचाला काळी झाली किंवा उलटीत रक्त आलं तर माझ्या पुढच्या अंकाची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला जा.